दूरचा समुद्र आणि जवळची नदी : सागरकाठच्या निवांत कादंबरीच्या आकर्षणाचा ऐतिहासिक विचार

सारांश

समुद्रकाठच्या छोट्या वस्तीत घडणाऱ्या, सुखान्ताकडे जाणाऱ्या प्रणयकादंबऱ्यांना इंग्रजीत मोठा वाचकवर्ग आहे. मराठीत या प्रकाराला सर्वांत जवळचे रूप कोकण किनाऱ्यावरील कादंबरीत सापडते. मात्र दोन्ही प्रकारांच्या आकर्षणामागचा इतिहास भिन्न आहे. इंग्रजी कादंबरीतील किनारा हा शहरातून तेथे जाणाऱ्यांचा, तर मराठी कादंबरीतील किनारा तेथून निघून गेलेल्यांचा आहे. हा किनारा समुद्र नसलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील वाचकाला आपलासा कसा वाटू लागला आणि याच जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या गावांना असे वाङ्मयीन आयुष्य का लाभले नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : कोकण, लोकप्रिय कादंबरी, स्थलांतर, वाचनसंस्कृती, खानदेश, नर्मदाकाठ.

प्रस्तावना

नंदुरबार जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि प्रकाशे, सारंगखेडे या गावांजवळून तापी पश्चिमेकडे जाते. दोन्ही नद्या पुढे गुजरातेत शिरून भरूच व सुरत या प्राचीन बंदरांजवळ समुद्राला मिळतात. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे नंदुरबारच्या माणसाला सर्वांत जवळचा समुद्र सुरतेकडचा आहे. असे असूनही येथील मराठी वाचकासमोर ‘समुद्रकाठचे गाव’ हे शब्द उच्चारले असता त्याच्या मनात सुरत किंवा भरूच उभे राहत नाही. नारळी-पोफळींच्या वाड्या, चिऱ्यांच्या गडग्यांमधून जाणारी पाखाडी, खाडीत लागलेले पडाव आणि माजघरात तेवणारी समई असेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येते. हे चित्र रत्नागिरीकडचे आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांना ते प्रथम पुस्तकातून भेटले आहे.

एखाद्या प्रदेशाची ओढ त्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या वाचकाला का वाटावी, हा प्रश्न वरवर वाङ्मयाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर स्थलांतर, दळणवळण, जमीनधारणा आणि ग्रंथालये यांच्या इतिहासात शोधावे लागते. म्हणूनच हा विषय येथे इतिहासाच्या अंगाने मांडला आहे.

संज्ञेचे स्वरूप

इंग्रजीत ज्याला ‘कोझी’ म्हणतात त्या भावाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ऊब, निवांतपणा आणि सुरक्षितता या तिन्हींचा त्यात समावेश होतो. सोयीसाठी येथे ‘निवांत कादंबरी’ असा शब्दप्रयोग केला आहे. या कादंबरीची चौकट बहुतेक ठरलेली असते. शहरातील अपयशाने वा दुःखाने थकलेली नायिका एखाद्या लहानशा किनारी गावात येते, तेथे एखादे दुकान किंवा उपाहारगृह चालवू लागते, गावातील तऱ्हेवाईक पण मायाळू माणसे तिला आपलीशी करतात आणि अखेरीस तिला जोडीदार व घर दोन्ही लाभतात. अमेरिकन लेखिका डेबी मॅकोम्बर यांची २००१ पासून प्रकाशित झालेली ‘सीडर कोव्ह’ मालिका आणि जेनी कोलगन यांची कॉर्नवॉलच्या पार्श्वभूमीवरील ‘द लिटल बीच स्ट्रीट बेकरी’ (२०१४) ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत.

अशा वाचनाकडे विद्यापीठीय वर्तुळात दीर्घकाळ तुच्छतेने पाहिले गेले. जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासाने या दृष्टिकोनाला छेद दिला. अमेरिकेतील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून त्यांनी दाखवून दिले की, दिवसभर इतरांची काळजी वाहणाऱ्या स्त्रीला पुस्तक उघडणे हा स्वतःसाठी काढलेला वेळ वाटतो. त्या वेळेत तिची काळजी कोणी तरी घेत असते. हे निरीक्षण आपल्याकडील वाचनालयांतून दुपारच्या वेळी कादंबरी बदलून नेणाऱ्या गृहिणीलाही लागू पडण्यासारखे आहे. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर यांच्या कादंबऱ्यांनी मराठीत जो वाचकवर्ग निर्माण केला, त्याचा विचार या दृष्टीने अद्याप पुरेसा झालेला नाही.

तथापि रॅडवे यांच्या विवेचनातून प्रणयकथेच्या आकर्षणाचा उलगडा होतो. गाव छोटे आणि समुद्रकाठचेच का, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्यासाठी किनाऱ्याच्या इतिहासाकडे वळावे लागेल.

दोन किनारे, दोन प्रवास

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लोहमार्ग पसरले आणि औद्योगिक शहरांतील मध्यमवर्ग व पुढे कामगारवर्गही सुटीसाठी समुद्रकाठी जाऊ लागला. १८७१ च्या बँक हॉलिडे कायद्याने सार्वजनिक सुट्यांना मान्यता मिळाली आणि किनारी गावे विश्रांतीची ठिकाणे बनली. इंग्रजी निवांत कादंबरीतील नायिका ज्या वाटेने गावात येते ती वाट या सुटीच्या परंपरेने आखलेली आहे. किनारा म्हणजे जेथे आपण जातो, जेथे आपले स्वागत होते, असा अर्थ त्या समाजाच्या मनात आधीच रुजलेला होता.

कोकणाच्या बाबतीत प्रवासाची दिशा उलटी होती. डोंगर आणि समुद्र यांमध्ये सापडलेली चिंचोळी जमीन, भाताचे अपुरे पीक आणि खोती पद्धतीचा भार यांमुळे एकोणिसाव्या शतकापासूनच रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, कचेऱ्यांत आणि घरगुती नोकरीत जाऊ लागली. मागे राहिलेली घरे मनिऑर्डरवर चालत. हा प्रवास दीर्घकाळ किनारी आगबोटींनी होत असे आणि तो नेहमी सुखाचा नसे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू होण्यास २६ जानेवारी १९९८ उजाडावा लागला. सिंधुदुर्ग जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला तो १९९७ मध्ये. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर विश्रांतीसाठी जाण्याची सार्वत्रिक प्रथा ही अगदी अलीकडची आहे. त्यापूर्वीचे शतक हे तेथून निघण्याचे शतक होते.

या फरकाचा ठसा मराठी कादंबरीवर स्पष्ट उमटला आहे. आपल्या किनारी कादंबरीत बाहेरून येऊन गावाने स्वीकारलेली नायिका क्वचितच भेटते. तेथे माणसे आधीपासून आहेत आणि एकेक करून निघून चालली आहेत. कादंबरीकारही बहुतेक दूर राहून लिहिणारे आहेत. दापोली तालुक्यातील मुर्डीला जन्मलेले श्री. ना. पेंडसे मुंबईत बेस्टच्या नोकरीत होते. ‘एल्गार’ (१९४९), ‘हद्दपार’ (१९५०), ‘गारंबीचा बापू’ (१९५२) या त्यांच्या कादंबऱ्या महानगरात राहून लिहिलेल्या आहेत. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) लिहिले तेव्हा तेही मुंबईकर झालेले होते. ‘शितू’ (१९५३) आणि ‘पडघवली’ (१९५५) लिहिणारे गो. नी. दांडेकर यांचा जन्म तर विदर्भातील परतवाड्याचा. याला वेगळे उदाहरण वि. स. खांडेकरांचे. ते १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याला शिक्षक होते आणि तेथील दारिद्र्य रोज पाहत होते. त्यामुळे त्या वर्षांतील त्यांच्या लेखनात किनाऱ्याच्या रमणीयतेपेक्षा सामाजिक विषमतेची टोचणी अधिक आहे. अंतर वाढले की किनारा कोमल होतो, असा निष्कर्ष काढण्यास येथे जागा आहे.

कादंबरी निवांत की वाचन निवांत?

येथे एक आक्षेप उपस्थित होणे स्वाभाविक आहे. उपरोल्लिखित कादंबऱ्यांना निवांत म्हणता येईल काय? ‘गारंबीचा बापू’ ही गावाच्या नीतिकल्पनांना न जुमानता राधेशी नाते जोडणाऱ्या बंडखोराची कथा आहे. ‘शितू’ ही बालविधवेची शोकान्त प्रेमकथा आहे. ‘पडघवली’त अंबावहिनी आपल्या डोळ्यांदेखत उजाड होत जाणाऱ्या गावाची हकीकत सांगते. ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा उत्कर्ष आणि ऱ्हास आहे. इंग्रजी निवांत कादंबरीत गाव हे प्रेमिकांना जवळ आणणारे असते. मराठीत तेच गाव त्यांच्या आड येते.

हा आक्षेप ग्राह्य धरूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. संहिता आणि वाचन या दोन वेगळ्या बाबी आहेत. वाचकाच्या स्मरणात या कादंबऱ्यांतील छळापेक्षा त्यांतील आगर, ओटी, पायवाट आणि बोलीचा गोडवा अधिक काळ टिकतो. याचे कारण असे की, या कादंबऱ्यांतील गावात प्रत्येक माणसाला नाव आहे आणि त्या नावाला ओळख आहे. तेथे भांडण होते ते ओळखीच्या माणसाशी. निंदा होते तीही आपल्या सात पिढ्या ठाऊक असलेल्यांकडून. चाळीत, वसाहतीत किंवा बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या वाचकाला ही ओळख, ती जाचक असली तरी, ऊबदार भासते. शोकान्त कादंबरीसुद्धा त्यामुळे आसऱ्यासारखी वाचली जाते. सागरकाठच्या कादंबरीच्या आकर्षणाचे मर्म समुद्रापेक्षा या परिचितपणात अधिक आहे. समुद्र त्या परिचिततेला सीमा घालून देतो. एका बाजूला डोंगर व दुसऱ्या बाजूला पाणी असलेले गाव मनात पूर्णपणे मावते.

कोकण खानदेशात कसे आले

हे गाव खानदेशातील वाचकाच्या मनात उतरण्याचा मार्ग बऱ्याच अंशी शोधता येतो. त्यातील सर्वांत महत्त्वाचा दुवा साने गुरुजींचा आहे. १८९९ मध्ये दापोली तालुक्यातील पालगडला जन्मलेले गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि खानदेश हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने त्यांनी उतरवून घेतली. त्यानंतर १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. खानदेशात राबलेल्या, तुरुंगात असलेल्या एका कोकणच्या मुलाने आठवलेले ते गाव होते. पालगड ऐन किनाऱ्यावर नाही आणि हे पुस्तक प्रणयकथाही नाही. परंतु कोकणातील घर म्हणजे मायेचे घर हे समीकरण खानदेशातील कित्येक कुटुंबांत या पुस्तकाने रुजवले. आचार्य अत्रे यांच्या १९५३ च्या चित्रपटाने ते अधिक दृढ केले. पुढे ‘शितू’ किंवा ‘पडघवली’ हाती घेणाऱ्या वाचकाला त्या घराचा उंबरठा आधीच ओळखीचा असे.

दुसरा दुवा संस्थांचा आहे. मराठी पुस्तकांचे प्रकाशन मुख्यतः मुंबई-पुण्यात एकवटले होते. किनाऱ्यावर ग्रंथालयांची परंपराही जुनी होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधील आहे. १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि त्याच वर्षी पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी बालभारती स्थापन झाली. अनुदानित वाचनालये आणि राज्यभर एकच पाठ्यपुस्तक, या दोन गोष्टींमुळे मुंबई-पुण्यात तयार झालेले साहित्य तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचण्याची व्यवस्था झाली. त्यासोबत मराठी ग्रामजीवनाची एक विशिष्ट प्रतिमाही पोहोचली. शहादे किंवा नवापूर येथील विद्यार्थ्याने फणस आणि रातांबे यांची वर्णने पाठ करावीत. मोह, चारोळी किंवा तेंदू यांचे मात्र पुस्तकात नाव क्वचित दिसावे, अशी ही स्थिती होती.

अर्थात खानदेशाला स्वतःचा आवाज नव्हता असे नाही. ‘गारंबीचा बापू’ ज्या १९५२ मध्ये आला त्याच वर्षी बहिणाबाई चौधरी यांच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये ‘कोसला’तून भालचंद्र नेमाडे यांनी खानदेशातील गाव कादंबरीत आणले. परंतु ‘कोसला’तील गाव आसरा देणारे नाही, आणि बहिणाबाईंचे जग पूर्व खानदेशातील शेतीचे आहे. सातपुड्याच्या पायथ्याचा व त्यापलीकडचा नर्मदाकाठ या दोन्हींच्या बाहेरच राहिला.

निवांतपणाने झाकलेले

किनाऱ्याची जी ऊब आपण वाचतो ती कोणाच्या घरातील आहे, हे विचारणे आवश्यक आहे. मराठी सागरकादंबरीचा केंद्रबिंदू बहुधा ब्राह्मण वा खोत घराण्यातील ओटी-माजघर हा असतो. ज्यांचे जीवन प्रत्यक्ष समुद्रावर अवलंबून आहे ते कोळी, खारवी, भंडारी आणि दालदी समाज बहुतेक वेळा कडेला उभे असतात. ज्या दशकांची ही कादंबरी आठवण काढते त्याच दशकांत अलिबाग तालुक्यातील चरी येथे शेतकऱ्यांचा संप १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ मध्ये. खोताच्या घराची पडझड कादंबरीकाराला आणि वाचकाला हळवी करते. कुळाच्या दृष्टीने तीच घटना मुक्ततेची होती. याचा अर्थ या कादंबऱ्या अप्रामाणिक आहेत असा नव्हे. पेंडसे यांच्या लेखनात या ताणांची जाणीव ठायी ठायी आहे. मात्र निवांत वाचनात त्या जाणिवेची धार बोथट होते, हे मान्य करावे लागते.

जवळचे पाणी

आता पुन्हा नंदुरबारकडे वळू. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये वसलेली, सर्वांना सर्वांची ओळख असलेली छोटी गावे या जिल्ह्यातही होती. अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील नर्मदाकाठची गावे तशीच होती. सरदार सरोवर प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. त्यांपैकी मणिबेली हे प्रथम बुडणाऱ्यांपैकी एक. नव्वदच्या दशकापासून ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने चालली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. अनेक कुटुंबे तळोदे व शहादे तालुक्यांतील वसाहतींत आली. तत्पूर्वी १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या फुगवट्याने तापीकाठचे चित्र पालटले होते. काठावर उरलेल्या पाड्यांची ये-जा आता पुष्कळशी बोटीने होते. आरोग्यसेवेसाठी तेथे तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. २०२० च्या टाळेबंदीत या भागातील एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत व गरोदर मातांपर्यंत पोहोचत होती, ही बातमी देशभर वाचली गेली. निवांत कादंबरीला लागणारे सारे साहित्य येथे आहे: पाणी, छोटी वस्ती, परस्परांची ओळख आणि धीराची नायिका.

तरीही ‘पडघवली’सारखे एखादे नर्मदाकाठचे गाव सर्वसामान्य मराठी वाचकाच्या मनात वसलेले नाही. याची कारणे वाङ्मयीन गुणवत्तेत शोधणे अन्यायाचे होईल. कोकणातून गेलेल्या माणसांमध्ये लिहिता-वाचता येणारा एक वर्ग होता. मुंबईत त्याला छापखाना, मासिके आणि त्याच आठवणींचा भुकेला वाचक मिळाला. नर्मदाकाठच्या भिल्ल व पावरा कुटुंबांचे स्थलांतर झाले ते वसाहतीत, किंवा हंगामी मजुरीसाठी गुजरातेत. त्यांच्या भाषांना पाठ्यपुस्तकात स्थान नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण त्या वेळी सुमारे ६४ टक्के होते. गाव सोडणे दोन्हीकडे घडले; सोडलेल्या गावाची कादंबरी होण्यासाठी जी साधने लागतात ती एकाच बाजूला होती.

१९८७ मध्ये ‘तुंबाडचे खोत’ प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी शहादे परिसरातील भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह आला. शीर्षकातील वस्तू उबेचीच आहे, परंतु संग्रहातील स्वर आपल्या वतीने इतरांनी बोलण्याविरुद्धचा आहे. हे दोन ग्रंथ आपल्या ग्रंथालयाच्या फडताळात शेजारी शेजारी असू शकतात. त्यांचा एकत्र विचार मात्र आपल्या अभ्यासक्रमांत फारसा झालेला नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, सागरकाठच्या निवांत कादंबरीचे आकर्षण हे हलक्या अभिरुचीचे लक्षण मानून बाजूला सारता येत नाही. ओळखीच्या माणसांत राहण्याची खरी गरज त्यामागे आहे. दुसरी, इंग्रजी किनारा आगमनाच्या आणि मराठी किनारा प्रस्थानाच्या इतिहासातून घडला; म्हणून पहिल्यात सुखान्त सहज येतो आणि दुसऱ्यात शोकान्तालाच ऊब प्राप्त होते. तिसरी, एखाद्या गावाने वाचकाचे आश्रयस्थान बनणे हे त्या गावाच्या सौंदर्यावर कमी आणि त्याच्या आठवणी छापून पोहोचवणाऱ्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते.

या तिसऱ्या मुद्द्याचा आपल्या महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. वसाहतींत वाढलेली मुले-मुली आज आपल्या वर्गांत बसतात. मणिबेली किंवा तिच्या शेजारची गावे पाहिलेले आजी-आजोबा त्यांच्या घरात आहेत. ती पिढी फार काळ असणार नाही. गावातील पाड्यांची नावे, घाटावरची वाट, कोणाचे घर कोणाशेजारी होते, कोणत्या झाडाखाली लग्न ठरले, हे त्यांच्याच भाषेत लिहून घेण्याचे काम मराठी आणि इतिहास या विभागांना एकत्र करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. वह्या, ध्वनिमुद्रणाची साधी सोय आणि सुट्यांतील काही दिवस पुरेसे आहेत. त्यातून कादंबरी निर्माण होईलच असे नाही. परंतु कादंबरी वाचून समुद्रकाठच्या अनोळखी गावासाठी हळहळणाऱ्या विद्यार्थिनीला आपल्या आजीचे गावही तितकेच नावानिशी ठाऊक असावे, एवढी अपेक्षा बाळगणे अवाजवी ठरू नये.